बरगडीखाली किती सेंटीमीटर?

थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलाचं बोन मॅरो (हाडांतला रक्त बनवणारा मगज) ट्रान्सप्लांट ठरलं की मी त्याची फाइल मागवते आणि सगळ्यात आधी एकच आकडा शोधते: यकृत बरगडीच्या खाली किती सेंटीमीटर उतरलंय. बहुतेक फाइलींत ओपीडीच्या कागदावर ‘लिव्हर पाल्पेबल’ एवढेच दोन शब्द असतात. म्हणजे यकृत हाताला लागतंय. किती लागतंय ते लिहिलेलं नसतं. मग तो कागद घेऊन मी रेसिडेंट डॉक्टरांना गाठते. “पट्टी लावून मोजा आणि आकडा लिहा. केमो सुरू झाली की हे माप पुन्हा मिळणार नाही.”

मी मुंबईतल्या एका ट्रान्सप्लांट युनिटमध्ये डेटा मॅनेजर आहे. पेशंटच्या फाइलमधली माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये भरून रजिस्ट्रीला पाठवणं हे माझं काम. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलेले आईवडील मला अनेकदा विचारतात, “ताई, हे सगळं लिहून जातं कुठं? आमच्या पोराला याचा काय उपयोग?” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या सेंटीमीटरपासूनच सुरू होतं.

थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्तासोबत लोह येतं आणि जादाचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. लोह काढणारी औषधं नेमाने मिळाली नाहीत तर ते यकृतात साचत जातं, यकृत वाढतं, पुढे आतून घट्ट होऊ लागतं. ट्रान्सप्लांटआधी मुलाची जुनी मॅरो रिकामी करायला जी जबर केमो देतात, तिचा मार नेमका याच थकलेल्या यकृतावर बसतो. इटलीतल्या पेझारो या गावी ग्विदो लुकारेल्ली या डॉक्टरांच्या टीमने थॅलेसेमियाच्या मुलांची खूप ट्रान्सप्लांट केली आणि जोखीम ओळखायला तीन प्रश्न ठरवले. यकृत 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढलंय का, त्यात तंतू धरून ते घट्ट झालंय का, लोहाची औषधं अनियमित होती का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिला वर्ग, एक-दोन ‘हो’ असतील तर दुसरा, तिन्ही ‘हो’ असतील तर तिसरा.

आपल्याकडे हे वर्ग पुरे पडेनात. औषधं महाग, निदानाला उशीर, ट्रान्सप्लांटसाठी पैसे जमेपर्यंत मूल आठ-दहा वर्षांचं झालेलं. त्यामुळे खूपशी मुलं तिसऱ्या वर्गातच येऊन पडत. तरी त्यातली काही छान तरून जात आणि काही जात नसत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आपल्या नोंदी चाळून 2007 मध्ये दाखवलं की वय 7 वर्षं किंवा जास्त आणि यकृत 5 सेंटीमीटर किंवा जास्त, अशी दोन्ही लक्षणं असलेली मुलं वेगळी काढली पाहिजेत, खरी जोखीम त्यांना आहे. पुढे 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीतल्या 179 मुलांचा अभ्यास आला. या सगळ्यांना सख्ख्या भावाबहिणीची जुळणारी मॅरो मिळाली होती. पाच वर्षांनी दुसऱ्या वर्गातली 91 टक्के मुलं हयात होती, तिसऱ्या वर्गातली 64 टक्के. आणि धोका वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या निघाल्या? सात किंवा त्याहून जास्त वय आणि वाढलेलं यकृत.

एकदा ही मुलं वेगळी ओळखता आल्यावर त्यांच्यासाठी केमोची औषधं बदलता आली. वेल्लोरला अतिजोखमीच्या मुलांना ट्रिओसल्फान हे औषध देऊन निकाल सुधारले. म्हणून त्या पट्टीच्या मापासाठी मी रेसिडेंट डॉक्टरांच्या मागे लागते. ‘लिव्हर पाल्पेबल’ या दोन शब्दांतून यातलं काहीच कधी कळलं नसतं.

आता रजिस्ट्री म्हणजे काय, ते सांगते, कारण इथे हमखास गोंधळ होतो. मॅरो दान करायची तयारी असलेल्या निरोगी लोकांची यादी ठेवतात ती डोनर रजिस्ट्री. ‘दात्री’चं नाव त्यासाठी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मी बोलतेय ती दुसरी. ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटचं पुढे काय झालं याची नोंदवही. कोणाला, कोणत्या आजारासाठी, कोणाची मॅरो दिली, आधी कोणती केमो दिली, आणि मग महिन्यांनी-वर्षांनी तो माणूस कसा आहे.

अशी वही हवी, हे शहाणपण अपयशातून आलं. 1958 ते 1968 या दहा वर्षांत माणसांवर झालेल्या सुमारे 200 मॅरो ट्रान्सप्लांटची माहिती मॉर्टिमर बॉर्टिन या अमेरिकी डॉक्टरांनी गोळा केली, तेव्हा चित्र फार निराशाजनक होतं. बहुतेक पेशंट दगावले होते. पण विखुरलेली माहिती एका जागी आल्यामुळे निदान काय चुकतंय ते दिसू लागलं. 1972 मध्ये मिलवॉकी इथे आंतरराष्ट्रीय रजिस्ट्री सुरू झाली. 2004 मध्ये अमेरिकेच्या डोनर कार्यक्रमाचा संशोधन विभाग तिच्याशी जोडला गेला आणि आज ती सीआयबीएमटीआर या नावाने ओळखली जाते. तिच्याकडे 6 लाखांहून जास्त पेशंटची माहिती आहे. युरोपात ईबीएमटी हेच काम करते. आपल्याकडे पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट 1983 मध्ये मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. इथल्या केंद्रांच्या नोंदी इंडियन सोसायटी फॉर ब्लड अँड मॅरो ट्रान्सप्लांटेशनच्या रजिस्ट्रीत जमा होतात, आणि काही भारतीय केंद्रं बाहेरच्या रजिस्ट्रीलाही माहिती देतात.

एकाच हॉस्पिटलच्या नोंदी का पुरत नाहीत, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जुळ्यांचं आहे. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटला त्याच्या अगदी एकसारख्या जुळ्या भावाची मॅरो मिळाली, तर वरवर पाहता त्याच्याएवढा नशीबवान कोणी नाही. पेशी तंतोतंत त्याच्याच, त्यामुळे दात्याच्या पेशींचं त्याच्या शरीराशी भांडण होण्याचा प्रश्नच नाही. पण असे पेशंट एका हॉस्पिटलला किती मिळणार? वर्षानुवर्षांत एखादा. रजिस्ट्रीने 2,254 ल्युकेमिया पेशंट एकत्र करून 1990 मध्ये निष्कर्ष मांडला, तो उलटा निघाला. जुळ्याची मॅरो मिळालेल्यांचा कॅन्सर जास्त प्रमाणात उलटून आला. आणि ज्यांच्या शरीरात दात्याच्या पेशींनी थोडंफार भांडण मांडलं होतं, त्यांचा कमी. म्हणजे ट्रान्सप्लांटमध्ये निम्मी लढाई केमो लढते आणि उरलेली दात्याच्या पेशी लढतात. त्या पेशी थोड्या परक्या असल्या, तरच उरल्यासुरल्या कॅन्सरला हुडकतात. आज वयस्कर पेशंटला सौम्य केमो देऊन ट्रान्सप्लांट करतात, ते याच पेशींच्या भरवशावर.

आता फॉर्म कसा भरतात ते बघू. पेशंटची पहिली नोंद झाली की त्याला एक नंबर मिळतो आणि तो जन्मभर तोच राहतो. दुसरं ट्रान्सप्लांट दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात झालं तरी तोच. ट्रान्सप्लांटआधीची सगळी माहिती, म्हणजे आजार, तब्येत, दाता, ठरलेली केमो, ट्रान्सप्लांटच्या दिवसापर्यंत द्यायची असते. त्या दिवसाला शून्यावा दिवस म्हणतात. यामागे साधं कारण आहे. निकाल कळायच्या आधीच पेशंट वहीत आलेला असला पाहिजे. नाहीतर जे बरे झाले त्यांचेच फॉर्म भरायचा मोह कोणालाही होईल. म्हणूनच नियम असा की केंद्राने एकामागोमाग एक झालेलं प्रत्येक ट्रान्सप्लांट कळवायचं, एकही गाळायचं नाही. कोणत्या पेशंटचा थोडक्यात फॉर्म भरायचा आणि कोणाचा सविस्तर, हेही केंद्र ठरवत नाही. ते रजिस्ट्रीचा कॉम्प्युटर ठरवतो. अधूनमधून ऑडिटर येतात, फॉर्ममधली उत्तरं मूळ कागदांशी ताडून बघतात आणि एकेक तारीख विचारतात.

तारखांवरूनच खरी कसरत होते. शून्याव्या दिवशी मॅरोची पिशवी चढते, मग दोनेक आठवडे पांढऱ्या पेशी जवळपास नसतातच. सगळा वॉर्ड काउंट वर यायची वाट बघतो. नवी मॅरो ‘धरली’ असं कधी म्हणायचं? न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी 500 च्या वर सलग तीन दिवस राहिल्या तर. समजा बाराव्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी 1,200 आणि न्यूट्रोफिल 45 टक्के आहेत. म्हणजे 540. तेराव्या दिवशी 610, चौदाव्या दिवशी 720. डॉक्टर राउंडला चौदाव्या दिवशी हसून सांगतात, “मॅरो धरली!” डिस्चार्ज कार्डावरही चौदावा दिवस येतो. पण रजिस्ट्रीची व्याख्या सांगते की त्या सलग तीनपैकी पहिला दिवस धरायचा, म्हणजे बारावा. एका केंद्राने बारावा लिहिला आणि दुसऱ्याने चौदावा, तर दोन्हींच्या आकड्यांची तुलना करणारा माणूस पहिल्या केंद्राची औषधं जास्त चांगली समजेल. फरक मात्र नुसता मोजण्यातला असेल. प्लेटलेटचं तर आणखी किचकट. 20,000 च्या वर असून भागत नाही, आधीचे सात दिवस बाहेरून प्लेटलेट चढवलेल्या नसल्या पाहिजेत. त्यासाठी मला ब्लड बँकेचं रजिस्टर उघडून बसावं लागतं.

मग येतो जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींचं पेशंटच्या शरीराशी होणारं तेच भांडण. थोडं झालं तर फायद्याचं, जास्त झालं तर जिवावरचं. त्याची तीव्रता अंदाजाने लिहीत नाहीत, मोजतात. अंगावरचं पुरळ त्वचेच्या किती टक्के भागावर आहे, बिलिरुबिन (काविळीचं माप) किती, दिवसाचे जुलाब किती मिलिलिटर. मोठ्या माणसाला 500 मिलिलिटरच्या पुढे गेले की नोंद घ्यायची, लहान मुलाचं वजनाच्या हिशेबाने. नर्सच्या चार्टवर ‘सकाळपासून आठ वेळा’ असं असेल तर मला त्याचं काहीच करता येत नाही. रात्रपाळीच्या ज्या सिस्टर बेडपॅन मापून आकडा लिहितात, त्यांचे आभार कोणत्याही शोधनिबंधात मानलेले नसतात. म्हणून इथे मानते.

आणि एक बारकी गोष्ट, जी मी नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. फॉर्मवर तीन उत्तरं दिसायला सारखी वाटतात: ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘तपासलं नाही’. फुप्फुसाचा जंतुसंसर्ग झाला का? सीटी स्कॅन केला आणि काही सापडलं नाही, तर ‘नाही’. स्कॅन केलाच नाही, तर ‘तपासलं नाही’. स्कॅन गावाकडच्या हॉस्पिटलात झाला आणि कागद हरवला, तर ‘माहीत नाही’. रिकामी जागा दिसली की हात आपोआप ‘नाही’वर जातो, कारण ते लिहून फॉर्म पुढे सरकतो. तसं केलं, तर न तपासलेला पेशंट कागदावर निरोगी होतो.

आता सगळ्यात अवघड भाग. शंभराव्या दिवशी एक फॉर्म, सहा महिन्यांनी एक, वर्षाने एक, मग सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी आणि त्यानंतर एक वर्षाआड. शंभर दिवसांपर्यंत पेशंट हॉस्पिटलच्या आसपासच असतो, परळ-दादरकडच्या एखाद्या धर्मशाळेत किंवा नातेवाइकांच्या खोलीत. नंतर तो नंदुरबारला जातो, परभणीला जातो, गडचिरोलीला जातो. तिथून एका रक्ततपासणीसाठी मुंबईला यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते, दोघांचं भाडं लागतं. काही महिन्यांनी तारखा चुकायला लागतात. मोबाइल नंबर बदलतो. आणि फाइलवर शिक्का बसतो, ‘लॉस्ट टू फॉलो-अप’.

या हरवलेल्या माणसांनी हिशेब कसा बिघडतो बघा. समजण्यापुरते आकडे घेऊ. शंभर जणांचं ट्रान्सप्लांट झालं. पाच वर्षांनी 70 जण हयात असल्याचं कळलं, 20 गेल्याचं कळलं, 10 जणांचा पत्ता नाही. त्या दहांना सरळ वगळलं तर 90 पैकी 70 जगले, म्हणजे जवळपास 78 टक्के. ते दहाही गेले असतील तर खरा आकडा 70 टक्के. दहाही धडधाकट असतील तर 80. संख्याशास्त्रात यावर तोड आहे. पेशंट जेवढ्या काळापर्यंत संपर्कात होता तेवढाच काळ हिशेबात धरायचा, पुढचा सोडून द्यायचा. पण ही तोड एका गृहीतकावर उभी आहे, की हरवलेली माणसं आणि संपर्कात राहिलेली माणसं एकसारखी आहेत. ती तशी असतात का? माझ्या अनुभवात दोन टोकांची माणसं हरवतात. एक तो, जो इतका बरा झालाय की कॉलेज, नोकरी, लग्न यांत हॉस्पिटल आठवायलाही नको वाटतं. दुसरा तो, जो तालुक्याच्या दवाखान्यात तापाने गेला आणि घरच्यांना आम्हाला कळवायचं सुचलंही नाही. या दोघांच्या फाइली कपाटात शेजारी-शेजारी पडलेल्या असतात आणि बाहेरून अगदी सारख्या दिसतात.

दहा-पंधरा वर्षांनी विचारपूस करून काय मिळतं, असंही लोक म्हणतात. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 19,229 ट्रान्सप्लांट पेशंटचा मागोवा घेतला होता. त्यात नव्याने गाठीचे कॅन्सर झालेले 80 जण सापडले. सर्वसाधारण लोकांत त्याच वयाच्या तेवढ्याच माणसांत ते सुमारे 30 व्हायला हवे होते. दहा वर्षं पार केलेल्यांत तर धोका आठपटीच्या वर होता. त्वचा, थायरॉइड, तोंड अशा जागा होत्या. रेडिएशन घेतलेल्या लहान मुलांना हा धोका जास्त. हे दुखणं इतकं उशिरा आणि इतक्या तुरळक पेशंटमध्ये दिसतं की एका युनिटच्या आयुष्यात ते नजरेतही भरलं नसतं. आज ट्रान्सप्लांट होऊन अनेक वर्षं झालेल्या पेशंटला डॉक्टर दरवर्षी तोंड उघडायला लावतात, उन्हात टोपी घालायला सांगतात, आणि गुटखा-तंबाखूचं नाव काढलं तर रागावतात, त्याच्यामागे या 80 जणांच्या नोंदी आहेत.

आता खाजगीपणाचं. आमच्या युनिटमध्ये सहीशिवाय माहिती पाठवत नाही, आणि संमतीचा कागद मराठीतून वाचून दाखवतो. हिंदी किंवा गुजराती हवी असेल तर त्या भाषेत. नकार दिला तर उपचारात काडीचा फरक पडत नाही, हे मी स्वतः सांगते. अभ्यास करणाऱ्यापुढे पेशंटचं नाव, पत्ता, फोन येत नाही, नंबर आणि तब्येतीची माहिती एवढंच येतं. तरीही लोकांना भीती वाटते आणि ती खोटी म्हणता येत नाही. मुलीला थॅलेसेमिया होता हे उद्या सोयरीक जमवताना कोणाला कळलं तर? असं विचारणाऱ्या आईला “काही होत नाही हो” म्हणून उडवून लावू नये. कोणता कागद कोणाच्या हातात जातो ते तिला दाखवावं, तिला वेळ द्यावा, आणि तरी नको म्हणाली तर फाइल बंद करावी.

अमेरिकेत 2005 च्या कायद्याने दुसऱ्या माणसाकडून मॅरो घेतलेल्या प्रत्येक पेशंटचा निकाल कळवणं केंद्रांना बंधनकारक आहे. त्यावरून दरवर्षी प्रत्येक केंद्राचा हिशेब मांडतात, आणि तो लोकांना बघता येतो. त्यात न्यायाची एक गोष्ट आहे. नुसते किती जगले एवढंच मोजत नाहीत. पेशंटचं वय, आजाराचा टप्पा, आधीची दुखणी बघून ‘या केंद्रात किती जगायला हवे होते’ हा आकडा आधी काढतात आणि मग प्रत्यक्ष आकडा त्याच्याशी ताडतात. त्यामुळे अवघड पेशंट घेणाऱ्या हॉस्पिटलवर अन्याय होत नाही. पण आधीची जोखीम फॉर्ममध्ये नीट लिहिलेली नसेल, तर अवघड पेशंट सोपा ठरतो आणि त्याचा मृत्यू केंद्राच्या नावावर चढतो. पुन्हा तेच यकृत, तेच सेंटीमीटर. मला विचाराल तर आपल्याकडेही असा हिशेब लोकांसमोर यावा. मुलाला घेऊन कुठं जायचं हे ठरवताना बापाला आज शेजाऱ्याच्या सांगण्यावर आणि फ्लेक्सवर अवलंबून राहावं लागतं.

आमच्या युनिटमध्ये आता डिस्चार्जच्या दिवशी तीन नंबर घेतो. एक आईवडिलांचा, एक मामा किंवा काकांचा, आणि एक गावातल्या अशा माणसाचा की जो नंबर बदलत नाही: आशाताई, शाळेचे गुरुजी, किराणा दुकानदार. गेल्या महिन्यात सहाव्या वर्षाच्या फॉर्मसाठी एका मुलाचा शोध घेत होते. पहिले दोन्ही नंबर बंद. तिसरा दुकानदाराचा. त्यांनी “थांबा ताई” म्हणून फोन तसाच ठेवला, बाहेर कोणाला तरी हाक मारली, आणि पाच मिनिटांनी धापा टाकत आलेला एक आवाज म्हणाला, “बोला, मीच आहे.” आम्ही त्याला डिस्चार्ज दिला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. वजन विचारलं, उंची विचारली, शेवटचं रक्त कधी चढवलं ते विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “तुमच्याकडंच चढवलं होतं की. त्यानंतर नाही.” मी तारीख लिहिली. मग त्याला सांगितलं, जवळच्या हॉस्पिटलात जाऊन एकदा पोट दाखव, यकृत पट्टीने मोजून घे आणि कागदाचा फोटो पाठव. फोटो अजून आलेला नाही. सोमवारी दुकानात पुन्हा फोन करणार आहे.